इंग्रजी गाण्याचा भोंडला

१६ सप्टेंबर १९९७, मंगळवार

उद्यापासून पितृपक्ष लागतोय आणि मला सगळ्या पितरांविषयी एकदम प्रेम वाटायला लागलं आहे. पंधरवडाभर कुणी मुलगी बघायला जात नाही, कुणी सुपारी फोडत नाही. म्हणजे तेवढा वेळ माझा.

झालं असं की आज सकाळी फुलबाजारात फकिरातात्या म्हणाले, "दसऱ्याला नांदगावचे पाहुणे यायचेत आमच्याकडं. शुभांगीला बघायला. पोरगा बँकेत हाय." पाटीतल्या झेंडूवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाले, पण बघत होते माझ्याकडं. माझ्याकडं कशाला बघायचं? मी म्हणालो, "छान." आणि शेवंती मागणाऱ्या बाईला गुलाब दिला.

तात्यांची बसायची जागा आमच्या जागेला लागून. ते आनंदवलीचे, आम्ही मखमलाबादचे. मधे नदी. त्यांच्या रविराजशी माझी गेल्या दिवाळीत बाजारातल्या जागेवरून मारामारी झाली. सगळे म्हणतात चूक माझी होती. त्याची होती.

शुभांगी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, इंग्रजी घेऊन. मीही इंग्रजीच घेतलं होतं. एस.वाय.ला असताना सरांनी मला धडा वाचायला उभं केलं आणि मी 'बॅलड'ला 'बल्लाड' म्हणालो. सर हसले, वर्ग हसला. मी पुस्तक बाकावर आपटून बाहेर आलो तो आलोच. दीड वर्ष झालं. घरचे मला वाल्मीकचा वाल्या म्हणायला लागले तेव्हापासून. शुभांगी तेवढी हसली नव्हती. त्या दिवसापासून माझं हे असं आहे.

१८ सप्टेंबर

आज शुभांगी स्वतः आली! फुलबाजारात, तात्यांचा डबा घेऊन. तात्या नेमके तेवढ्यात चहाला गेले.

"वाल्मीक, तुला अजून चाली लावता येतात का?"

"तुझ्यासाठी काहीही."

"काहीही नको. चाल पाहिजे."

कॉलेजात एकोणतीस तारखेला वाङ्मय मंडळाचा कार्यक्रम आहे. इंग्रजी बॅलडचा इतिहास, पार चारपाचशे वर्षांपासूनचा. ती बोलणार. पण मधे एखादं गाणं मराठीत म्हटलं नाही तर पोरं झोपतील म्हणे. मुंबईच्या कुठल्याशा लायब्ररीतून उतरवून आणलेली कॅसेट तिनं माझ्या हातात दिली. हात लागला.

घरी येऊन शब्दकोश काढला. बॅलड: पोवाडा. बस्स! एवढंच होय? मग तर आपल्या घरचंच काम. माझ्या दोस्तांपैकी नाथाकडं डफ आहे, सहादूकडं तुणतुणं. सर बघतच राहतील.

२१ सप्टेंबर, रविवार

कॅसेट इतक्या वेळा लावली की आई म्हणाली, "त्या म्हाताऱ्या इंग्रजाला आता पान वाढ म्हणजे झालं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं टेप बिघडला. ना ढोलकी ना पेटी. एक म्हातारा एकटाच गातोय, तेही लाइटबिल वाचल्यासारखं. माणूस मेला तरी तोच आवाज, कोंबडी हरवली तरी तोच. यात मर्दानी काही नाही. ते मी घालणार.

मी निवडलेलं गाणं असं आहे: नदीला पूर. अल्याड पोरगा, पल्याड पोरगी. म्हातारा नावाडी म्हणतो, थांब, पाणी उतरू दे. पोरगा थांबत नाही, उडी टाकतो. आधी टोपी वाहत जाते, मग कोट, मग पोरगा. पोरगी उभीच. संपलं! रडत नाही, ओरडत नाही, काही नाही. असं कुठं असतं का? मी तिला चांगली धाय मोकलून रडवणार आहे.

एका जागी अडलो. गाण्यातला पोरगा सारखा म्हणतो की माझं 'ट्रू लव्ह' पल्याड उभं आहे. मी लिहिलं, 'माझं खरं प्रेम पल्याड उभं.' नाथा म्हणाला, "प्रेम उभं ऱ्हातं का रे? का कवाकवा बसतंबी?" शेवटी पीसीओवर जाऊन तात्यांच्या घरी फोन लावला. नशीब, तिनंच उचलला.

"अरे, ते माणसालाच म्हणतात तसं," ती म्हणाली. "जिच्यावर जीव, तीच ट्रू लव्ह."

"मग मराठीत काय म्हणू?"

तिनं उलट विचारलं, "तू काय म्हणशील?"

"शब्दकोशात बघतो," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला. एवढ्यात काय राग आला कुणास ठाऊक. शब्दकोशात काही सापडलं नाही.

२४ सप्टेंबर

डोकं नुसतं भणभणतंय आनंदानं. आज कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर शुभांगीनं मला तिचं सगळं भाषण सांगितलं. (आत मी जात नाही. शपथ आहे.)

तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या रस्त्यावर लोक एकेका कागदावर एकेक गाणं छापून, ते गाऊन गाऊन विकायचे. कुणाला फाशी द्यायची असली की त्याच्या शेवटच्या शब्दांचं गाणं फाशीच्या गर्दीत विकायला हजर! त्यानं अजून तोंड उघडलेलं नसायचं, आणि इकडं गाणं छापून तयार. मी टपरीचा बाक वाजवायला लागलो. वणीच्या यात्रेत मी लहानपणी अस्साच माणूस बघितला होता. गळ्यात पेटी अडकवलेली, कुठल्याशा गावच्या सुनेला कसं छळलं त्याचं गाणं म्हणत पातळ चोपडी विकत होता. माझी आत्या कुसाबाई दिवसभर ते गाणं घोकत होती.

शुभांगी म्हणाली, "बघ! आणि तू म्हणतोस तुला इंग्रजी येत नाही."

मग म्हणे शेदीडशे वर्षांपूर्वीपासून काही लोकांना वेड लागलं. सायकलवर टांग टाकून खेड्यापाड्यांत जायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठायचे आणि गाणी उतरवून घ्यायचे. तर काय, एकाच गाण्याची गावागणिक वेगळी रूपं. एका गावात पोरगी मरते, शेजारच्या गावात तीच पोरगी लग्न करते. समुद्रापार अमेरिकेतल्या डोंगरात गेलेलं गाणं आणखी तिसरंच.

"मग त्यातलं खरं कुठलं?"

"सगळी."

"असं कसं? एक खरं, बाकीची चुकलेली."

"चुकलेलं काही नसतं रे त्यात. ज्याच्या तोंडी आलं त्यानं आपल्याला पाहिजे तसं वळवलं. सरळ बोलता येत नाही ते लोक गाण्यात घालतात."

"माझं गाणं कुणी वळवलं तर मी त्याची तंगडी मोडीन."

"बघू," ती म्हणाली आणि हसली. दिवसभर तेच हसणं डोळ्यांपुढं आहे. पूर आलेल्या नदीत मी आत्ता उडी मारू शकतो.

२९ सप्टेंबर

झालं. काय झालं ते मला नीट लिहिता येतंय का बघतो.

शपथ मोडून आत गेलो. मी, नाथा, सहादू, तिघांचे फेटे. शुभांगी छान बोलली. मग आम्ही. 'ऐका विलायती मर्दाची कहाणी, जी जी रं जी!' डफ असा कडाडला की खिडक्यांची कबुतरं उडाली. पोरगा पुरात झेपावला तेव्हा शिट्ट्या, पोरगी रडली तेव्हा 'वन्स मोर'. मला वाटलं, जिंकलं.

मग ते सर उठले. तेच. म्हणाले, "मुलांनो, आत्ता ऐकलंत ते, जे बॅलडमध्ये नसतं ते सगळं." हॉल हसला. "पोवाड्यात शाहीर बाजू घेतो. बॅलड गाणारा बाजू घेत नाही, रडत नाही, ओरडत नाही. कोण काय म्हणालं तेवढं सांगतो आणि बाजूला होतो."

मी डफ खाली ठेवला. (नाथा म्हणतो आपटला.) म्हणालो, "सर, मग तुम्ही गाऊन दाखवा."

सर म्हणाले, "मला गाता येत नाही. तुला येतं. म्हणून तर सांगतोय."

मी निघालो. दुसऱ्यांदा. दारात मागं वळून पाहिलं. शुभांगी स्टेजवर उभी होती, माझ्या मागं आली नाही. गाण्यातल्या पोरीसारखी नुसती उभी.

३० सप्टेंबर

सरांना काही कळत नाही.

२ ऑक्टोबर, घटस्थापना

सरांना कळतं. हे इथंच लिहितोय, बाहेर कुणाला सांगणार नाही.

संध्याकाळी अंगणात भोंडला होता. माझी चुलतबहीण पूजा, आठवीत आहे, तिनं पाटावर रांगोळीनं हत्ती काढला. गल्लीतल्या पोरी हात धरून भोवती फेर धरायला लागल्या, मधे कुसाआत्या. मी ओसरीवर झेंडूच्या माळा ओवत बसलो होतो. लहानपणापासून ऐकतोय, कधी कान दिला नव्हता. एका सुनेचा हार हरवतो. ती सासूला विचारते, जावेला विचारते, नणंदेला विचारते. प्रत्येक वेळी तेच शब्द, फक्त एक नातं बदलायचं. शेवटी हार नणंदेच्याच गळ्यात! आणि पोरी हे सगळं कुठल्या आवाजात म्हणतात? लाइटबिल वाचल्यासारखं! कुणी रडत नाही. एक जण तर मधेच नाक पुसत होती.

माझ्या हातातली माळ गळाली. तो म्हातारा इंग्रज मला पाटाभोवती फेर धरताना दिसला.

बॅलड म्हणजे पोवाडा नव्हेच! ती भोंडल्याची गाणी आहेत. मी ओरडलो, "सापडलं!" पूजा म्हणाली, "खिरापत नाही ओळखायची तू, आधीच सांगते. मुलांना नसते."

३ ऑक्टोबर

झेंडू तोडता तोडता गाणं झालं. शब्द आपोआप येत होते, मी फक्त फुलं तोडत होतो.

अल्याड उभा कोण गं, कोण गं?
मळेकऱ्याचा पोर गं, पोर गं.
पल्याड उभी कोण गं, कोण गं?
माझ्या जिवाचा घोर गं, घोर गं.

'ट्रू लव्ह'ला शब्द सापडला. जिवाचा घोर! मग नावाड्याचं:

नावाडीदादा, ने रे मला, ने रे मला.
पाणी चढलंय, थांब रे मुला, थांब रे मुला.

आणि शेवट:

टोपी गेली वाहून गं, वाहून गं,
शेला गेला वाहून गं, वाहून गं,
पोर गेला वाहून गं, वाहून गं,
पोरगी राहिली पाहून गं, पाहून गं.

पूजानं दुपारीच पाठ केलं. मी एम-एटीला किक मारली आणि पुलावरून थेट वाचनालयाच्या पायऱ्यांवर. शुभांगी तिथं असतेच. तिला म्हणून दाखवलं. तिचे डोळे चमकत होते.

"चांगलं झालंय, वाल्मीक. खूप चांगलं झालंय. पण मरायलाच पाहिजे का रे त्यानं?"

"पाहिजेच. प्रेम असंच असतं."

आणि मग गेले कित्येक दिवस मनात होतं ते मी सांगून टाकलं. दसऱ्याला, शनिवारी, पहाटे तिनं सीबीएस स्टँडवर यायचं. सुरतेची गाडी. सहादूचा मामा आहे तिकडं. नांदगावचे पाहुणे दारात येतील तेव्हा आपण गुजरातेत!

"आणि तिथं करायचं काय?"

"बघू."

"राहायचं कुठं?"

"बघू गं."

"आणि तुझी परीक्षा?"

"कसली परीक्षा? मी सांगतोय काय, तू विचारतेस काय!"

तेवढ्यात रविराज स्कूटरवरून आला. मला पाहून त्याचा चेहरा असा झाला की बोलायला नको. शुभांगी पटकन उठली. जाता जाता एवढंच म्हणाली, "तुला उत्तर मिळेल. आमच्याकडं येऊ नकोस. नीट कान देऊन राहा म्हणजे झालं."

मिळेल! होच म्हणणार. नाहीतर तिथंच नाही म्हणाली असती.

५ ऑक्टोबर

उत्तर नाही. पण दुसरंच एक भारी झालंय. सकाळी आडगाव नाक्यावर एक अनोळखी पोरगी दुधाची किटली हलवत माझं गाणं म्हणत चालली होती! मी तिला गाठून विचारलं, "हे कुणी लिहिलं माहितेय का?" ती म्हणाली, "लिहितंय कोण? हे भोंडल्याचंय. लय जुनं हाय."

लय जुनं! दोन दिवसांचं! मी तिला पेरू घेऊन दिला.

बाजारात तात्यांनाही सांगणार होतो, पण त्यांनी आपलंच लावलं, "वाल्मीका, कॉलेजाचं काय करणार पुढं?" या माणसाला दुसरा विषय नाही. मी त्यांना किती वाजले विचारलं आणि विषय बदलला.

७ ऑक्टोबर

माझं डोकं फिरलंय.

आज आमच्याच अंगणात, माझ्याच चुलतबहिणीच्या तोंडून माझ्या गाण्याचा शेवट असा ऐकला:

वडी नको घेऊ रे, घेऊ रे,
बोरं नको नेऊ रे, नेऊ रे,
डोक्याला झाला ताप रे, ताप रे,
नावाडी माझा बाप रे, बाप रे!

आणि शेवटच्या 'बाप रे, बाप रे'ला सगळ्या पोरी कपाळाला हात लावून किंचाळतात. हसून हसून लोळतात. तिकडं पोरगा पुरात मरतोय आणि ह्यांना वडी सुचते, बोरं सुचतात! टोपी कुठंय? शेला कुठंय?

"पूजे, हे काय आहे?"

"नवा शेवट आहे. सगळीकडं हाच म्हणतात. तुझा रडका होता."

"नावाडी तिचा बाप कसा होईल? मूळ गाण्यात तो कुणीतरी परका म्हातारा आहे!"

"असेल. आमच्यात बाप आहे."

कुसाआत्या म्हणाली, "आरं, गाणं हाय त्ये. सातबारा नाय."

ज्यानं हे केलं त्याला मी शोधून काढणार. ते सायकलवाले इंग्रज गावोगाव फिरले, मी एम-एटीवर फिरीन. तिकडं शुभांगीचंही उत्तर नाही. चार दिवस झाले. सगळं जग मिळून माझी थट्टा करतंय.

९ ऑक्टोबर

पूजाला नवा शेवट तिची मैत्रीण रूपालीनं शिकवला. रूपाली हनुमानवाडीला राहते. बाजार उरकून गेलो. तिची आई म्हणाली, "तुम्ही शाळेतून आलात का?" मी म्हणालो, "नाही, गाण्याच्या चौकशीला." तिनं पाणी दिलं, पण दार उघडंच ठेवलं.

रूपालीनं म्हणून दाखवलं. आणि गंमत अशी की तिच्यात बोरं नाहीत!

वडी नको घेऊ रे, घेऊ रे,
चोरून नको नेऊ रे, नेऊ रे,
डोक्याचा सोड ताप रे, ताप रे,
नावाडी माझा बाप रे, बाप रे.

म्हणजे बोरं आमच्या गल्लीतल्या पोरींनी घातली. इथं वडी चोरू नको असं आहे. थोडा तरी अर्थ लागतो. हे म्हणजे नदीच्या उगमाकडं चालत जाण्यासारखं आहे, पाणी स्वच्छ होत जातं. मला राग आलाय, पण खोटं कशाला बोलू, मजाही येतेय. त्या सायकलवाल्यांना वेड का लागलं ते कळायला लागलंय.

"तुला कुणी शिकवलं?"

"मावशीकडं भोंडल्याला गेले होते तिथं. आनंदवलीला."

आनंदवली! शुभांगीनं येऊ नको म्हणून सांगितलंय. पण हा गाण्याचा प्रश्न आहे.

१० ऑक्टोबर

मी गाढव आहे.

दुपारपासून बाजारात झेंडूचे ढीग लावायला सुरुवात झाली. तात्या आणि रविराज तिथंच अडकलेले. संध्याकाळी मी पोत्यावरून उठलो आणि सटकलो आनंदवलीला. तात्यांच्याच अंगणात भोंडला. फेरात सगळ्यात उंच मुलगी शुभांगी. बारक्या पोरींचे हात धरून फिरत होती. मला कुंपणाशी पाहिलं, थांबली नाही. उलट आवाज चढवला:

उडी नको घेऊ रे, घेऊ रे,
चोरून नको नेऊ रे, नेऊ रे,

वडी नव्हतीच. उडी होती.

फेर संपला तसा मी ओरडलो, "माझा शेवट कुणी बदलला?"

"मी," शुभांगी म्हणाली.

"का?"

पोरी खुदखुदायला लागल्या. शुभांगी म्हणाली, "आठवडा झाला तुला ऐकवतेय. सगळ्या नाशकात पोचलं, तुला सोडून."

"काय पोचलं? परत म्हण."

"मी नाही. आता तू म्हण. मोठ्यानं."

म्हटलं, चुका दाखवायला बरंच झालं. मी कुंपणाला धरून म्हणायला लागलो. उडी नको घेऊ रे. चोरून नको नेऊ रे. डोक्याचा सोड ताप रे. इथं मला एकदम नावाडी कोण ते कळलं. चौथी ओळ काही केल्या बाहेर येईना. पोरींनीच ती पुरी केली, कपाळाला हात लावून, किंचाळून.

शुभांगी कुंपणाशी आली. हळू म्हणाली, "सुरतेला मी येणार नाही, वाल्मीक. पण मी अजून काठावरच उभी आहे. उद्या चार वाजता पाहुणे येतील. तोवर."

आणि आत गेली. मी एम-एटी तिथंच विसरून पुलापर्यंत चालत आलो.

११ ऑक्टोबर, दसरा

आज जे झालं ते आहे तसं लिहितो. कोण काय म्हणालं तेवढंच. बाकी मला धीर नाही.

पहाटेपासून बाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तात्या शेजारी. गिऱ्हाइकं जराशी पांगली तसा मी म्हणालो, "तात्या, मला पल्याड जायचंय."

तात्या म्हणाले, "मग पूल हाय की."

"तसं नाही. शुभांगी. मला शुभांगीशी लग्न करायचंय."

तात्यांच्या हातातली माळ पुरी होत आली होती. त्यांनी शेवटची गाठ मारली, दातानं दोरा तोडला. म्हणाले, "वरीसभर शेजारी बसतो मी. आजवर तू मला फकस्त टाइम इचारला."

मी पाटीतला झेंडू उगाच खालीवर करायला लागलो.

तात्या म्हणाले, "कॉलेजाचं?"

मी म्हणालो, "मार्चला बसतो. सरांना सोमवारीच भेटतो."

तात्या म्हणाले, "रविराजचं?"

मी म्हणालो, "चूक त्याची..." तात्यांनी मान वर केली. मी म्हणालो, "माफी मागतो."

"आन् सुरतेचं?"

म्हणजे ह्यांना सगळंच माहीत होतं. पोरी घरात आठवडाभर 'चोरून नको नेऊ' गातायत म्हटल्यावर शुभांगीला विचारलं असणारच. मी म्हणालो, "राहिलं."

तात्या काही वेळ गिऱ्हाइकाशी बोलले. मग म्हणाले, "नांदगावची मान्सं निघाली आसतील. सणाच्या दिवशी दारात आलेल्याला पोह्याबिगर लावून द्यायचं का? त्यांचा काय गुन्हा? तू चारला ये. वाढायला मानूस कमी हाय. डोकं फिरलं तर परसात जायचं, पण बशा खाली ठिवून."

मी साडेतीनलाच गेलो. रविराज दारात उभा. मी त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि माफी मागितली. शब्द जरा चावूनच आले. तो म्हणाला, "ऐकू नाही आलं." मी परत म्हणालो. तो म्हणाला, "ऐकू आलं होतं पहिल्यांदाच." आणि माझ्या हातात ट्रे दिला.

पाहुणे आले. काका, काकू आणि बँकवाला. मला वाटलं होतं तो टकला असेल. केस होते, चांगले होते. वागायलाही बरा. शुभांगीची आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "बशी नीट धर रे, कलंडतेय." शुभांगी तिच्या मागं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पोहे वाढले. पाणी दिलं. डोकं एकदाही फिरलं नाही, फक्त ट्रे फिरत होता.

नांदगावच्या काकांनी विचारलं, "हे कोण? थोरले चिरंजीव का?"

तात्या सुपारी कातरत होते, ते थांबले. आणि मग रविराज बोलला. रविराज!

"नाही. हेही पाहुणेच. तुमच्या आधी आलेले."

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी तात्यांकडं. तात्यांनी माफी मागितल्यासारखे हात जोडले. बँकवाल्यानं हातातली बशी खाली ठेवली. ती परत उचलायला त्याला जरा वेळ लागला. मग मला म्हणाला, "पोहे मात्र छान झालेत हं. अजून थोडं लिंबू आहे का?"

मी आतून सगळ्यात मोठं लिंबू घेऊन आलो आणि त्याच्या बशीवर अख्खं पिळलं.